बावीस अंशांतली हवा

२७ ऑक्टोबर, रविवार
गाडीला हिवाळी चाकं चढवली. एकट्याने. अख्खं कूसामो गाव अंगणात बोटं गोठवत चाकं बदलतं. मला असलं गबाळं काम जमत नाही. गॅरेज हीटरवर, बरोबर बावीस अंश. चारही टायरमध्ये हवा २.३ बार, गाडीच्या पुस्तकात दिलीय तेवढीच. तीनदा मोजली. हवा मोजणाऱ्या चारही सेन्सरची ओळख गाडीच्या कॉम्प्युटरला करून दिली. हे मला कुणी शिकवलेलं नाही.
दहा नोव्हेंबरला इथला फादर्स डे. मुलीकडे, साटूकडे ओउलूला जायचंय, दोनशे पंधरा किलोमीटर. नातीला ऑगस्टनंतर पाहिलेलं नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार
उणे एकोणीस. चर्चच्या चौकात डॅशबोर्डवर पिवळा दिवा: हवा कमी. मागे फिरलो. गाडी तासभर गॅरेजात ठेवून मोजली: २.३. म्हणजे सेन्सर खोटं बोलतायत.

५ नोव्हेंबर
सेन्सरची ओळख नव्याने करून दिली. दोन तास खपलो. दिवा विझला. पद्धतशीर काम केलं की असं होतं.

६ नोव्हेंबर
चौकात पुन्हा दिवा. शेजारची आउने बर्फ ओढत होती. म्हणाली, काउको, रोज चर्चपर्यंत जाऊन परत येतोस, एकदा आत तरी जाऊन ये. गाडी गॅरेजात घातली.

८ नोव्हेंबर
बॅटरी काढून पुन्हा जोडली. गॅरेजात दिवा विझलेला. बाहेर काढायची घाई करणार नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार, दुपार
मागवलेलं, सेन्सर तपासायचं रीडर यंत्र आलं. गॅरेजात चारही सेन्सर २.३ दाखवतात. म्हणजे सेन्सर निर्दोष, दोष कॉम्प्युटरचा. साटूला फोनवर समजावलं. ती म्हणाली, बाबा, दिवा आहे तो, बाँब नाही. यार्क्को म्हणतो थंडीत थोडी जास्त हवा भर. जावयाला म्हणावं, पुस्तक वाच. मग बसने ये, म्हणाली. बसच्या टायरची हवा कोण मोजतं? दिवा पेटलेला असताना मी हायवेला लागत नाही.
तिने विचारलं, बाबा, तुला यायचंय ना? म्हटलं, प्रश्न तांत्रिक आहे.

१० नोव्हेंबर, रविवार
९.४०. चौक. दिवा. परत.
१३.१५. साटूचा फोटो. चार ताटं. एका ताटात नातीने केलेलं कार्ड. उत्तर पाठवलं: सूप गरम असताना जेवून घ्या.

११ नोव्हेंबर, सोमवार
आउने आपला हवा मोजायचा गेज घेऊन आली. गाडी पहाटेपासून अंगणातच. तिने मोजली: १.८. मला विचारलं, हवा कुठे भरलीस? म्हटलं, गॅरेजात, बावीस अंशांवर.  ती म्हणाली, अरे बाबा, गरम हवा थंडीत आकसते. तीस वर्षं फिरत्या ग्रंथालयाची बस चालवली मी, हवा कायम अंगणात भरली. तिच्याच पंपाने भरली. पाच मिनिटं गाडी चालवल्यावर दिवा विझला.
चौक ओलांडला. पुढे हायवेवर ओउलूचं अंतर दाखवणाऱ्या पाटीपर्यंत गेलो. गाडी कडेला घेतली. साटू कामावर असणार, नात पाळणाघरात. इंजिन चालू ठेवून वीस मिनिटं बसलो.
सेन्सर चारही उत्तम. कॉम्प्युटरही. गाडीत काहीच दोष नव्हता.