कुऱ्हाडीवरचं कुंकू

शके १७७८, आश्विन वद्य द्वितीया. बेटावरच्या सुरिनाम गावाजवळची साखरेची कोठी, उसाचा मळा. दिवेलागण.

गोमा आज माझी कुऱ्हाड स्वतःहून परत घेऊन आला. आम्ही सगळे सुतार एकाच जहाजातून आलो, पण गावाहून हत्यारं आणली ती मी एकट्यानं. म्हणून जो तो माझ्याकडेच मागतो. नेलेलं परत आणायला मात्र मलाच दारोदार फिरावं लागतं. मग हा आज न मागता कसा आला?

कुऱ्हाड धुतलेली. पात्याला तेल लावलेलं. दसऱ्याला मी दांड्यावर कुंकवाची बोटं ओढली होती, ती नाहीत. हत्याराचं कुंकू आपण पुसत नाही, झिजेल तेव्हा झिजेल. गोमाला हे ठाऊक आहे, पूजेला तो माझ्या शेजारीच बसला होता. मग दांडा इतका का घासला?

काल सरदारानं, आमच्या मुकादमानं, त्याला सगळ्यांदेखत चाबकानं मारलं. आज सरदार हजेरीला आलाच नाही. लोक म्हणतात, बंदरावर, माएबूर्गला गेला असेल. असेलही. मीच उगाच... पण कुंकू?

आणि कुऱ्हाड कुणाची, हे अख्ख्या कोठीला ठाऊक आहे. माझी.

विचारणार होतो. पण "झालं का काम?" एवढंच तोंडातून निघालं.

"झालं, दादा," गोमा म्हणाला. जायला वळला आणि पुन्हा थांबला. "आज रातच्याला तुझी कुदळ देशील का?"

मी हो म्हणालो. नेहमीसारखाच.