जरा अपसेट

लाडके धाकटे,

कॉन्व्हेंटच्या पायरीवर बसून आपण तुझ्या वहीतली इंग्रजी विशेषणं पाठ करायचो, आठवतं? अपसेट, मग शॉक्ड, सगळ्यात शेवटी हॉरिफाइड. पेन्सिल हरवली तरी तू थेट हॉरिफाइड! सिस्टर रागवायच्या, ‘एवढ्याशा गोष्टीला एवढा मोठा शब्द नको.’ तेच मी तुला आयुष्यभर ऐकवलं.

लग्नानंतर तू फोनवर रडत म्हणालीस, ‘ताई, आय ॲम हॉरिफाइड. त्यानं माझं डोकं भिंतीवर आपटलं.’ मी म्हटलं, ‘राईचा पर्वत करू नकोस गं. जरा अपसेट झालीस, इतकंच.’

तू शहाण्यासारखी शिकलीस. मनगट मोडलं तेव्हा अपसेट. समोरचे दात पाडले तेव्हाही बोबडं बोलत, ‘जरा अपसेट आहे, बाकी मजेत.’ मी ‘बरं बाई’ म्हणून फोन ठेवला.

मग त्यानं तुझ्या तोंडावर इस्त्री घातली, पुन्हा पुन्हा. शवागारात मी तुला पायाच्या वाकड्या करंगळीवरून ओळखलं. तेव्हा मला एकही विशेषण सुचलं नाही. मी नुसती किंचाळले.

उद्या माझी साक्ष आहे. त्याचा वकील विचारेल, हिनं कधी तक्रार का केली नाही? मी सांगेन, केली होती. मीच तिला गप्प बसवलं.

तुझं घड्याळ मी तुझ्या लेकीला देईन. विशेषणांची वहीही तिलाच. मोठे शब्द तिनं खुशाल वापरावेत. आणि फोनवरचं तुझं ते पहिलं वाक्य न्यायाधीशांना, जसंच्या तसं.

तुझी,
जिला उशिरा ऐकू आलं, ती ताई