पोडाच्या रिकाम्या भिंती

मंगळवार, सांजच्याले

आली न मजा, नाही कशी येईन? सुनेले असंच सांगतलं. बचत गटाच्या आमा बायाईले आज कोलाम आदिवासीईचं पोड, म्हंजे त्याईची वस्ती, दाखवाले नेलतं. मांगं जुन्या घराईच्या रिकाम्या भिंती. गाईड म्हणे, "लई माणसं मेली का हे लोक गाव सोडतात."

मी एका कोलाम म्हातारीले चिडवलं, "आजी, माहा बुढा तं कवाच निसटला. औंदा कपाशीवर जहर फवारता फवारता आमच्या गावची जवान पोरं मरून राह्यली. मले इथंच बसव."

ती हासली नाही. "मंग तिथं अजून काहून राह्यता?"

त्या भिंती डोळ्यापुढून हटूनच नाही राह्यल्या. पोरगा उद्या फवाराले जाते. सुनेले बोलली नाही, पण मले पोराले घेऊन हे गाव सोडाचं हाय.