चाकाभोवतीचा खडू

इंदूर, मंगळवार, ११ जानेवारी १९९४

आज पवारकाकांसमोर मला माझीच लाज वाटली. मिलमध्ये ते कापड तपासायचे, डाग दिसला की भोवती खडू फिरवायचे. मिल बंद पडली; आता सांवेर रोडला आमच्या फॅक्टरीच्या गेटवर आहेत, तेही टेम्परेरी.

दुपारी रिव्हर्स येणाऱ्या ट्रकचा धक्का लागून रमेश हमालाचा पाय मोडला. त्याला दवाखान्यात नेलं आणि ड्रायव्हर ट्रक हलवणार, तेवढ्यात काका ओरडले, "रुको भिया!" खिशातून खडू काढून मागच्या चाकांभोवती रेघा मारल्या. अजून खडू बाळगतात!

अपघाताचं रजिस्टर माझ्याकडे असतं. मॅनेजर मला म्हणाले, "लिहून टाका, पायरीवरून पडला." मी पेन उघडलंसुद्धा. का उघडलं?

काका म्हणाले, "ताई, ट्रकने लागलं असं लिहा. आणि ड्रायव्हरला 'आने दो' मीच म्हणालो, मागे न बघता. तेही लिहा."

"काका, नोकरी जाईल."

"जाऊ दे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कापडातले डाग दाखवले, आता माझा झाकू?"

तसंच लिहिलं. त्यांनी सही केली तिथे रजिस्टरवर खडू लागलेल्या बोटाचा ठसा उमटला. त्याच्या खाली मी माझी सही केली.