विहीणबाईंबरोबर बर्फात

सोमवार, ६ जुलै

खोली एवढीशी. दोन पलंग, मध्ये हातभर जागा, पलीकडच्या पलंगावर विहीणबाई. बोट सुटली. आता नऊ दिवस उतरून घरी जायची सोय नाही.

या बर्फाच्या समुद्राच्या सफरीला यायचे होते व्याही आणि विहीणबाई. व्याही शिडीवरून पडले, पाय मोडून घेतला. जावई म्हणाला, "आई, तुम्ही जा ना त्यांच्याऐवजी." लेक मागे उभी राहून हसत होती. तेव्हाच कळायला हवं होतं.

लेकीला सातवा महिना आहे. बाळ सहा महिन्यांचं झालं की ती कामावर परत जाणार. मग दिवसभर बाळ कोणाकडे? मी म्हणते माझ्याकडे. विहीणबाई म्हणतात त्यांच्याकडे. चार महिने हेच. शेवटी लेक म्हणाली, "दोघी एका खोलीत आहात ना? ठरवा आणि एक उत्तर घेऊन या. आम्ही ऐकू."

ठरवायचं काय त्यात? लेक माझी. बाळ मी सांभाळणार. लिहून ठेवते.

मंगळवार, ७ जुलै

ओकले. विहीणबाईपण ओकल्या. बाकी काही नाही.

बुधवार, ८ जुलै

आज पोट जागेवर. सकाळी वर गेले आणि तोंड उघडंच राहिलं. दोन्ही बाजूंना सरळसोट काळे डोंगर, वरून बारीक धबधबे, आणि समुद्र मधून गल्लीसारखा आत आत शिरलेला. याला फ्योर्ड म्हणतात. विहीणबाईंनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. हिमनदी कशी तयार होते ते त्यांनी नाश्त्याच्या टेबलावर पाव आणि बशी घेऊन मला समजावलं. मी चौथीत शाळा सोडली ती याच कारणासाठी.

दुपारी रबरी बोटीतून किनाऱ्यावर नेलं. बोटीत उतरताना खलाशाचं मनगट धरायचं, त्याने आपलं धरायचं. विहीणबाई "थँक्यू, थँक्यू" करत शिडीवरच उभ्या. मागे रांग. मी म्हटलं, "अहो, उतरा की, सत्कार नंतर करा."

निघायच्या दारापाशी एक फळी आहे. खिळ्यांवर प्रत्येकाच्या नंबराची पाटी. बाहेर जाताना उलटायची, लाल बाजू दिसते. परत आलं की पांढरी करायची. सगळ्या पांढऱ्या झाल्या की बोट हलते. आमच्या खोलीच्या दोन पाट्या एकाच खिळ्यावर, बारीक साखळीला. पाट्यांनासुद्धा सुटका नाही.

गुरुवार, ९ जुलै

विहीणबाई परत आल्या आणि पाटी उलटायची विसरल्या. कर्ण्यावरून सगळ्या बोटीला ऐकू गेलं, एकशे सतरा नंबर कुठे आहे. एकशे सतरा माझ्यासमोर सूप पीत होता. चांगल्या लालबुंद झाल्या. मला उगीच वाईट वाटलं. आता मीच आल्याबरोबर दोन्ही पाट्या उलटते. एका हाताचं काम.

शुक्रवार, १० जुलै

विषय निघालाच. त्या म्हणाल्या, "तुमच्या लाँड्रीत वाफ, तापलेल्या इस्त्र्या, डाग काढायची औषधं. बाळाला काय कपड्यांच्या टोपलीत ठेवणार?"

मी म्हटलं, "माझी लेक त्याच टोपलीत वाढली. तुमच्या मुलाने पसंत केली ना?"

"मी सहाशे मुलं सांभाळली आहेत."

"पाचला घरी जात होती ती."

मग दोघी आपापल्या भिंतीकडे तोंड करून पडलो. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "सव्वापाचला." पलंग हलत होता. हसत होत्या का? विचारलं नाही.

शनिवार, ११ जुलै

आज हिमनदीच्या तोंडापाशी नेलं. मला वाटलेलं पांढरी असेल. निळी आहे. पांढऱ्या चादरीला नीळ जास्त झाली की जशी दिसते तशी, डाग डाग. माझ्याकडे कोणी अशी चादर दिली असती तर परत धुतली असती. इथे मात्र नुसती बघत बसले. तासभर. मी! मला दूध उतू जाईपर्यंत थांबवत नाही.

एका बर्फाच्या तुकड्यावर सील लोळत होता. व्याह्यांसारखा दिसतो असं मी म्हटलं. विहीणबाई म्हणाल्या, "मिशा सेम." बोटीत दोघी इतक्या हसलो की गाईडने गप्प बसायची खूण केली.

रविवार, १२ जुलै

आज घडलं ते सगळं लिहिते.

किनाऱ्यावर गेलो होतो. विहीणबाई प्रत्येक दगडाचा फोटो काढत होत्या. मी म्हटलं, "दगड आहे तो. घरी आहेत." त्या म्हणाल्या, "तुम्हाला घाई असेल तर जा." मग गेले. पहिल्या बोटीत बसले, वर आले, आणि सवयीने दोन्ही पाट्या पांढऱ्या करून टाकल्या. डोक्यात आलंच नाही की एक बाई अजून तिकडे आहे.

अंघोळ केली, चहा घेतला. नांगर उचलायचा खडखडाट ऐकला. खोलीत विहीणबाई नाहीत. जेवणघरात नाहीत. वाचायच्या खोलीत नाहीत. मग पाट्या आठवल्या.

ओल्या केसांनी पळत सुटले. आमच्या सफरीचा प्रमुख एक दाढीवाला आहे, त्याचा दंडच धरला. म्हटलं, बाई राहिली तिकडे, पाटी मी उलटली, मी. तो पांढरा पडला. रबरी बोट परत सोडली. मीही जायला निघाले तर मला धरून ठेवलं. कठड्यापाशी उभी. धुकं उतरत होतं. लेकीला काय सांगू? जावयाला काय सांगू? आणि खरं लिहायचं तर त्यांच्याआधी हेच मनात आलं, की पलीकडच्या पलंगावर कोणी नसेल.

चाळीस मिनिटांनी आल्या. एका मोठ्या खडकामागे बसलेल्या सापडल्या, म्हणून निघताना कोणाला दिसल्या नव्हत्या. मी काही बोलणार तर दाढीवाला सुरू झाला. दुसऱ्याची पाटी उलटणं म्हणजे काय, माणूस मरतो, वगैरे. बरोबरच बोलत होता. मी मान खाली घातली.

विहीणबाई मध्ये शिरल्या. "यांना मीच सांगून ठेवलं होतं, माझी पाटी उलटत जा म्हणून. अर्धी चूक माझी."

साफ खोटं. मुख्याध्यापिकेच्या आवाजात.

शिक्षा दोघींना. उद्या दोघींनी बोटीवरून उतरायचं नाही.

सोमवार, १३ जुलै

बाकी सगळे गेले. मोठ्या हिमनदीसमोर बोट उभी, आणि वरच्या डेकवर आम्ही दोघी, घोंगड्या गुंडाळून. विहीणबाई म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा वर्गाबाहेर उभी राहिले. बरं असतं की."

मी माफी मागितली. मला येत नाही ते, पण मागितली. म्हटलं, घाबरला असाल.

त्यांनी घोंगडी गळ्यापर्यंत ओढली. मग म्हणाल्या, "शेवटची रबरी बोट जाताना दिसली मला. ओरडले असते तर ऐकू गेलं असतं."

मी म्हटलं, "मग ओरडला का नाहीत?"

"माहीत होतं, येतील परत. म्हटलं, बसू थोडं. लग्नानंतर पहिल्यांदा मला कोणी हाक मारत नव्हतं. शाळा नाही, घर नाही, ह्यांचा पाय नाही. नुसता बर्फ तडकायचा आवाज. अगं, इतकं छान वाटलं ना, की मला माझीच भीती वाटली."

अगं म्हणाल्या. मला.

तेवढ्यात समोरचा कडा सुटला. आधी निळी भिंत सावकाश कलली, मग आवाज आला, मग पाणी उठलं आणि आमची एवढी मोठी बोट डुलली. माझ्या तोंडून शिवी गेली. त्यांच्याही. मुख्याध्यापिकेला ती येते हे मला माहीत नव्हतं.

शांत झालं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, खरं सांगू? मला बाळ सांभाळायचं नाहीये. लेक झाली तेव्हा टोपलीत ठेवून बारा बारा तास इस्त्री ओढली मी. आता परत दुपटी, परत बाटल्या, नको वाटतं. पण तुमच्याकडे गेलं असतं तर बाळाने तुम्हालाच आजी म्हटलं असतं, म्हणून भांडत होते.

विहीणबाई माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी, हसून हसून की वाऱ्याने, कळेना.

"मग मी काय म्हणून भांडत होते, वाटलं तुला?"

बुधवार, १५ जुलै

घरी. दारातच लेकीने विचारलं, "ठरलं का?" मी विहीणबाईंकडे बघितलं. "तूच सांग," म्हणाल्या. सांगितलं. बाळ तुमचं, दिवसभर कुठे ठेवायचं ते तुम्ही बघा, रविवारी आणा, दोघी लाड करू. जावयाचं तोंड बघण्यासारखं झालं. आणि हो, पुढच्या जुलैत आणू नका. आम्ही दोघी घरी नसू.