शंभरावा गोल

प्रिय खारू,

पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. काकांचा आवाज गेला नाही, फोन बंद पडला नाही, मग पत्र कशाला? फोनवर तू "बरं, ठेवते" म्हणालीस की माझं बोलणं तिथंच अडकतं, म्हणून. कागदावर मला कुणी तोडत नाही, आणि मला स्वतःलाही पळ काढता येत नाही. दुपारची वेळ आहे. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलंय, डोळे तपासायच्या खुर्चीत बसून मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहितोय. समोर अक्षरांचा तक्ता आहे. तो मला चाळीस वर्षांत इतका पाठ झालाय की माझे डोळे अधू झाले तरी कुणाला पत्ता लागणार नाही.

आधी घरचं सांगतो. काकूचा गुडघा बरा आहे, तोंड त्याहून बरं आहे. तुझे बाबा आता बस चालवायच्या नोकरीतून निवृत्त झाले. पण सवय जात नाही. जिन्याच्या वळणावर अजून क्षणभर थांबून दोन्हीकडे बघतात आणि मगच उतरतात. हे मी आमच्या दाराच्या फटीतून बघतो, कारण समोरासमोर बघायची सोय सहा वर्षांपूर्वीच संपली. मी खालच्या मजल्यावर, तो वरच्या, मध्ये अठरा पायऱ्या. पाण्याची टाकी भरली की तो खाली येतो आणि मी शेजारी उभा असताना काकूला म्हणतो, "वहिनी, त्यांना सांगा, मोटर बंद करायला." मी मोटर बंद करतो. काकू म्हणते, तुम्हा दोघांचा निरोप्या होऊन माझे केस पांढरे झाले. ते आधीच पांढरे होते, पण हे मी तिला सांगत नाही.

आणि मोठी बातमी, जी तुला कळलीच असणार. महाराणी हॉकीतून निवृत्त झाली. तुझ्याकडे हे नावसुद्धा कुणी काढत नसेल, पण इथं गेले पंधरा दिवस दुसरा विषय नाही. तुला आठवतं ना, तिच्यावर जीव टाकणारेही तिला महाराणी म्हणायचे आणि तिला पाण्यात बघणारेही महाराणीच म्हणायचे, फक्त म्हणताना तोंड वेगळं व्हायचं. मैदानाची पूर्वेची बाजू तिच्या भक्तांची, पश्चिमेची तिच्या वैऱ्यांची. उन्हाचा त्रास सोसून माणसं डोळ्यांवर हात धरून आपापल्या बाजूला बसायची. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं तर आरशावर कागद लावला होता, वस्तरा हातात असताना महाराणीवर चर्चा करू नये.

मी पूर्वेचा आणि तुझे बाबा पश्चिमेचे, पण आम्ही बसायचो मात्र मधल्या बाकावर, एकाच थर्मासमधला चहा पीत. ज्या रविवारी मी गोलांची नोंद करायच्या टेबलावर नसायचो, त्या रविवारी. तो म्हणायचा, "अरे, तिला पास देता येतो, पण दिला की चेंडू दुसऱ्याचा होतो, ते बाईसाहेबांना सोसत नाही." मी म्हणायचो, "जिला समोर गोल दिसतोय तिनं बाजूला का बघावं?" खरं सांगू, दोघांचंही बरोबर होतं. बचावाला ती कधी मागे यायची नाही. आपल्याच मुलींवर भर मैदानात ओरडायची. गोल झाल्यावर सगळ्या धावत मिठी मारायला आल्या की ही खाली वाकून मोजे वर ओढत बसायची. पण चेंडू तिच्या स्टिकवर आला की अख्खं मैदान, पश्चिमेसकट, बोलायचं थांबायचं. तू तिच्याच संघात आलीस, तेव्हा तुझे बाबा आठवडाभर गप्प होते. त्यांना तुझा अभिमान आणि तिचा राग, दोन्ही एकाच बाकावर बसून सांभाळावं लागणार होतं.

आता त्या फायनलवर येतो. यायचंच होतं, उगाच इकडंतिकडं फिरलो.

एक-एक अशी बरोबरी, शेवटची तीन मिनिटं. महाराणीचे नव्याण्णव गोल झाले होते आणि पूर्वेकडं माणसं शंभराचे फलक घेऊन बसली होती. ती उजवीकडून गोलासमोरच्या डीमध्ये शिरली, तिनं जीव खाऊन मारला, तू दुसऱ्या खांबाकडं आडवी झेपावलीस, आणि चेंडू जाळ्यात. पंचांनी गोल दिला. तो होताच, कुणाचाही असला तरी. कुणाच्या नावावर लिहायचा हे पंच सांगतात, आणि पंचांना नीट दिसलं नसेल तर ते टेबलाला विचारतात. पंचांच्या आणि चेंडूच्या मध्ये चार मुली होत्या. त्यांनी टेबलाकडं बघितलं. टेबलावर मी होतो. मी बोटांनी नऊ दाखवले, महाराणीचा नंबर.

सामना संपल्यावर तू आलीस. कोपर सोललेलं, गुडघ्याला टर्फचा हिरवा डाग. टेबलाच्या कडेला हात ठेवून हळू म्हणालीस, "काका, माझ्या स्टिकला लागून गेला तो." तू भांडत नव्हतीस. काकांना घरात एखादी वस्तू कुठं ठेवली ते सांगावं, तितक्या सहज सांगितलंस. मी स्कोअरशीटवरून मान वर न काढता "बघतो" म्हणालो. बघण्यासारखं काही नव्हतं. कॅमेरा त्या बाजूला नव्हता. शीटवर सह्या व्हायला मात्र अजून दहा मिनिटं होती, आणि तोवर नंबर बदलता येतो, हे मला पक्कं माहीत होतं.

पुढचं तू भोगलंस, मी काय सांगू. तू मैत्रिणीला बोललीस, मैत्रीण आणखी कुणाला, आणि दोन दिवसांत सगळ्यांना कळलं की चौदा नंबरची पोरगी महाराणीच्या शंभराव्यात वाटा मागतेय. तुला "अर्धा गोल" म्हणायला लागले. सरावाच्या भिंतीवर कुणी खडूनं अर्धं वर्तुळ काढून ठेवायचं. पश्चिमेचे तुझ्या बाजूनं उभे राहिले, पण त्यांना तू नको होतीस, महाराणीवर तोंडसुख घ्यायला निमित्त हवं होतं. पत्रकारांनी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला काय विचारता? टेबलाला विचारा," आणि गाडीत जाऊन बसली. त्या वाक्यावरून तू तिला कधी माफ केलं नाहीस. तुझे बाबा टेबलाला विचारायला आले. मी म्हणालो, मला जे दिसलं ते लिहिलं. तो म्हणाला, "चष्म्याचं दुकान काढून बसलायस, आणि घरची पोर दिसली नाही तुला." त्यानंतर तो माझ्याशी आजवर बोललेला नाही.

सहा महिन्यांनी तू खेळ सोडलास. सगळ्यांना सांगितलंस, अभ्यास आहे. आज शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवतेस, हँडबॉल शिकवतेस, आणि हॉकीचं विचारलं की मैदान नाही म्हणतेस. तुझ्या शाळेच्या मागं मैदान आहे, खारू. तुझी आई फोटो दाखवते.

पण मला झोंबतं ते वेगळंच. तू इथून जायच्या आदल्या आठवड्यात दुकानात आली होतीस. गिऱ्हाईक गेल्यावर या खुर्चीत बसलीस आणि म्हणालीस, "काका, माझे डोळे तपासा." मी हसून म्हणालो, तुला काय धाड भरलीय? तू हसली नाहीस. मग मी तुझ्या नाकावर ती जड फ्रेम चढवली, एक डोळा झाकला, दुसरा झाकला, काचा बदलल्या, नेहमीसारखं "यानं बरं दिसतं की यानं?" विचारलं. तू शेवटची ओळ वाचलीस, त्याखाली छापखान्याचं नाव असतं तेही वाचलंस. मी म्हणालो, डोळे उत्तम आहेत, शंभरात एखाद्याचे असतात असे. तू फ्रेम काढून माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "मग मला तेव्हा..." आणि पुढं बोललीच नाहीस. मी फडक्यानं काच पुसत बसलो. आधीच स्वच्छ असलेली काच. तू काय तपासायला आली होतीस ते मला फ्रेम चढवायच्या आधीच समजलं होतं. एकोणीस वर्षांच्या पोरीचा स्वतःच्या डोळ्यांवरचा, स्वतःच्या हातावरचा भरवसा उडाला होता, आणि तो मला एका वाक्यात परत देता आला असता. मी मूग गिळून बसलो. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते.

गेल्या रविवारी महाराणीचा निरोपाचा कार्यक्रम झाला. मी मागच्या रांगेत होतो. क्लबनं शंभर आकडा लिहिलेली जर्सी काचेच्या चौकटीत घालून तिला दिली. दोन्ही बाजूंचे लोक पहिल्यांदाच मिसळून बसले होते आणि टाळ्या थांबत नव्हत्या. तिनं माईक घेतला, चौकटीकडं बघितलं, "नव्याण्णव," इतकंच म्हणाली, आणि चौकट तिथंच टेकवून खाली जाऊन बसली. झालं! बाहेर येईपर्यंत गावाचे पुन्हा दोन तुकडे. भक्त म्हणाले, बघा किती नम्र. वैरी म्हणाले, जाता जाता तमाशा केलाच. न्हाव्याकडं तर वस्तरा बाजूला ठेवून चर्चा झाली. ती काय म्हणाली हे त्या अख्ख्या गर्दीत एका माणसाला कळलं होतं, आणि तो चपला शोधायच्या निमित्तानं खाली वाकून उभा होता.

कारण त्या फायनलला, तू टेबलावरून गेलीस आणि पाठोपाठ ती आली होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, काकूलासुद्धा नाही. तिनं शीटवर बोट आपटलं आणि म्हणाली, "हा चौदा नंबरचा आहे. तिच्या स्टिकला लागून वळला. माझा म्हणून लिहू नका, मी मारलेला चेंडू बाहेर चालला होता, आणि असले घसरलेले गोल मी मारत नाही." तुझ्यावरच्या मायेनं बोलली असं समजू नकोस. तुझं नावही तिला माहीत असेल-नसेल. तिच्या गर्वाला ते खपत नव्हतं, एवढंच. पण तिचा गर्व खरं बोलला आणि माझा सरळपणा खोटं बोलला. मी तिला म्हणालो, टेबलाचा निर्णय झालाय. तिनं माझ्याकडं असं बघितलं की तसं ती बचावाला चुकलेल्या मुलींकडंही बघत नसे. मग तिनं मोजे वर ओढले आणि निघून गेली. "टेबलाला विचारा" म्हणाली ती तुला उडवून लावायला नव्हे. ती पत्ता सांगत होती, आणि तो पत्ता माझा होता.

हे पत्र लिहायचं कारण आता सांगतो. सोमवारी मी संघटनेच्या कचेरीत जाऊन लेखी दिलं की त्या फायनलचा दुसरा गोल चौदा नंबरचा होता आणि टेबलानं चुकीचा नंबर लिहिला. परवाच्या रविवारी ते छापून येईल. दोन्ही बाजूंचे लोक मिळून माझ्या दुकानावर येतील, महाराणीच्या निमित्तानं त्यांची कशात तरी एकी होईल. टेबलाचं काम मी सोडलं. पाकीट पेटीत टाकलं की त्या अठरा पायऱ्या चढणार आहे, तुझ्या बाबांनी दार उघडलं तर ठीक, नाही तर बाहेरून सांगेन. पण संघटनेला दिलेल्या कागदात मी एक लबाडी ठेवलीय, आणि ती तुझ्यापाशी ठेवायची नाही. तिथं मी लिहिलंय, "नीट दिसलं नाही." सहा वर्षं स्वतःलाही हेच सांगितलं. खारू, मला दिसलं होतं. तुझी स्टिक जमिनीलगत आली, चेंडू तिला लागला, वळला आणि आत गेला, हे मी या तक्त्यातल्या वरच्या मोठ्या अक्षराइतकं स्वच्छ बघितलं. आणि बघताक्षणी मनात आलं की दोन हजार माणसं म्हणतील, टेबलावर बसून स्वतःच्या पुतणीला गोल दिला. वर, शंभरावा आपल्या हातानं लिहायचा होता, तोही मोह होताच. माफी मागत नाही, ती द्यायची का ते तू ठरव. तुझे डोळे तेव्हाही बरोबर होते. त्या मागच्या मैदानावर एकदा स्टिक घेऊन जा. लागला होता गं, मी पाहिलं होतं.

तुझाच म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर, तुझाच
मोठेकाका