रश्श्याच्या कोडवर घेतलेल्या संमतीबाबत

प्रति,
मा. उपनिबंधक,
सहकारी संस्था, कोल्हापूर.

विषय : जेवणाच्या नावाखाली क्यूआर कोडवर घेतलेल्या संमत्या रद्द होणेबाबत.
संदर्भ : आमच्या संस्थेच्या विशेष सभेची सूचना (पीडीएफ).

महोदय,

मी, कसबा बावडा येथील मैत्रबन गृहनिर्माण संस्थेचा सचिव, आपल्याकडे सविनय गाऱ्हाणे मांडतो, ते असे :

१. संस्थेच्या मोकळ्या जागेतील दूध-कट्ट्यावर पिराजी हे गृहस्थ रोज संध्याकाळी दोन म्हशी बांधतात व समोर धार काढून ताजे दूध देतात. निवृत्तीनंतर पेला घेऊन त्या कट्ट्यावर उभे राहणे एवढेच सुख मला उरले आहे. कट्टा बंद करून तिथे मोटारी लावाव्यात, हा अध्यक्ष श्री. धैर्यशील यांचा ठराव मागील सभेत पडला. ते माझे बालमित्र. पाठीवर थाप मारून "जाऊ दे की दत्त्या, म्हशी जिंकल्या!" असे म्हणाले. मी विश्वास ठेवला.

२. पुढील सभेच्या सूचनेवर जेवणाच्या नोंदीसाठी कोड टाकू, असे त्यांनीच सुचवले. पीडीएफमध्ये कोड कसा बसवतात हे मला येत नव्हते. त्यांनी माझ्या घरी बसून, माझाच चहा पिऊन, मला शिकवले. त्यांनी दिलेला कोड मी स्वहस्ते खालच्या कोपऱ्यात बसवला व वर ठळक लिहिले, 'तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी स्कॅन करा.'

३. महोदय, एवढे वाचल्यावर कोल्हापुरात कोण थांबतो? माळकरी बाळाबाईंनीही 'पावणं येतील' म्हणून स्कॅन केले. उघडणाऱ्या पानावर रश्श्याची वाटी, तिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत तोच पडलेला ठराव आणि शेवटी 'मान्य' हे एकच बटण. कोड चालतो का हे बघायला सर्वांत आधी ते मीच दाबले. सोबतच्या प्रतीवरील कोड आपण कृपया स्कॅन करू नये, आपलीही संमती नोंदवली जाईल.

४. सभेत ठराव बहुमताने मंजूर झाल्याचे जाहीर झाले. जाब विचारला असता अध्यक्ष म्हणाले, "कोड कुणी चिकटवला? तूच की!" सगळे हसले. शाळेपासूनच्या मित्राने असा केसाने गळा कापला, याचे मला फार दुःख झाले आहे. पिराजींना तोंड दाखवायची सोय राहिली नाही. रस्साही पाणचट होता, हे नोंदीसाठी नमूद करतो.

५. सर्वच संमत्या रद्द कराव्यात, असे मी प्रथम लिहिले होते. परंतु मसुदा घरी वाचून दाखवला असता माझी पत्नी सौ. सरोजिनी हिने सांगितले, की तिने चष्मा लावून तो ठराव पूर्ण वाचला होता आणि मगच बटण दाबले. कारण विचारले. "रोज दिवेलागणीला तुम्ही म्हशीपाशी आणि मी घरात एकटी. तुम्ही रिटायर झालाय, हे मला अजून कळलंच न्हाय की," असे ती म्हणाली. मग मी मसुद्यातील 'सर्वच' खोडून 'बाकी सर्व' केले.

तरी फसवून घेतलेल्या बाकी सर्व संमत्या रद्द कराव्यात. सौ. सरोजिनीची तेवढी ग्राह्य धरावी. ती खरी आहे.

आपल्या न्यायाकडे डोळे लावून बसलेला,

(सही)
दत्तप्रसाद नृसिंह हेर्लेकर
सचिव
कसबा बावडा, दि. १४ जानेवारी २०२५

सोबत : सभेच्या सूचनेची छापील प्रत.